केतुराचं पहिलं हरीण

केतुरा माझ्याहून सव्वीस वर्षांनी मोठी आहे आणि मी तिचा बाप लागतो.

यात नवल करण्यासारखं काही नाही. तिचे वडील अनानियास वारले आणि पुढे त्यांचं नाव मला मिळालं. ज्याचं नाव, त्याची नाती. उत्तरेच्या बर्फाळ किनाऱ्यावरच्या आमच्या सारफाक वस्तीत असली नाती घरोघर आहेत. दुकानदाराची सहा वर्षांची नात त्याची आई लागते. ती भर दुकानात त्याला दात घासलेस का म्हणून विचारते आणि तो मुकाट्याने उत्तर देतो.

हे नाव माझ्यापर्यंत यायला मात्र वेळ लागला. केतुरा बारा वर्षांची असताना, हिवाळा सरता सरता, अनानियास बर्फावर सील धरायला गेले. बर्फ किनाऱ्यापासून सुटला आणि त्यांना घेऊन गेला. हाती काहीच लागलं नाही. केतुराच्या आईने सगळ्यांना बजावलं, हे नाव कोणी कोणाला ठेवायचं नाही, माणूस कधीही दारात उभा राहील. आता समुद्राला ‘बाप दाखव नाहीतर श्राद्ध घाल’ असं कोण म्हणणार? म्हातारीने पुष्कळ वर्षं वाट पाहिली आणि एका उन्हाळ्यात म्हणाली, आता ठेवा. त्यानंतर वस्तीत जन्माला आलेलं पहिलं मूल मी. केतुरा तेव्हा दोन मुलांची आई होती. मासळीच्या कारखान्यातून एप्रन न काढताच ती मला बघायला आली, पाळण्यावर वाकून म्हणाली, "बाबा, फार उशीर केलात," आणि मग रडली. हे मला माझ्या आईने सांगितलं.

बाप होणं मला चांगलंच मानवलं. दर नाताळला लोकरीचे मोजे यायचे, व्हेलच्या कातडीचा सगळ्यात मऊ तुकडा मला खायला म्हणून बाजूला निघायचा. पाच वर्षांचा असताना मी तिच्या घरी खुर्चीवर बसून तिला रागवायचो. "केतुरा, टोपी घाल." ती घालायची. तिचा नवरा एनोक चर्चमध्ये गायचा आणि इतर सगळीकडे झोपायचा, पण मी आलो की तोही उठून नीट बसायचा. सासऱ्यासमोर पाय पसरून कसं चालेल?

केतुराने सारा जन्म कारखान्यात मासे कापले, चार मुलं वाढवली, एनोक गेला तेव्हा त्याला नीट पोचवलं. ताकद अशी, की हरणाची अख्खी मांडी कपाळाला पट्टा लावून पाठीवर घ्यायची आणि पुरुषांच्या पुढे चालायची. हसते ती आवाज न करता, नुसते खांदे हलतात. दर शरदात सगळ्या वस्तीसारखी तीही खाडीच्या टोकाला हरणांच्या शिकारीला जायची. तिथे ती रांधायची, कातडी सोलायची, मांस वाळवायची, ओझी वाहायची. बंदूक चालवता येत नव्हती असं नाही. रानकोंबड्या मारल्या, होडीतून सील मारले. हरणावर मात्र तिने कधी बंदूक रोखली नाही. का म्हणून विचारलं की नाक मुरडायची. आमच्याकडे नाक मुरडलं म्हणजे नाही, भुवया उंचावल्या म्हणजे हो. तोंड कॉफीसाठी मोकळं राहतं.

मी त्या गप्प माणसांतला नाही. मी वस्तीचा वायरमन, जनरेटर सांभाळतो, आणि जनरेटर बंद पडला तरी माझं तोंड बंद पडत नाही, असं लोक म्हणतात. दुसरी खोड म्हणजे कोणी काम सांगितलं की ‘पुढच्या वर्षी’ म्हणायचं. केतुराच्या दारावरचा दिवा गेल्या हिवाळ्यापासून बंद होता. तिने एकदा दाखवला, मी पुढच्या वर्षी म्हणालो, तिने पुन्हा विषय काढला नाही.

ऑगस्टच्या अखेरीस सोरिने माझ्याकडे आली. सोरिने ही केतुराची धाकटी मुलगी. शाळेत ती माझ्या मागच्या बाकावर बसून माझ्या पाठीत पेन्सिल टोचायची. एरवी ती मला नावाने हाक मारते, काम असलं की नातं काढते.

"आजोबा," ती म्हणाली, "तुझ्या लेकीला समजाव जरा."

"आता काय केलं तिने?"

"डॉक्टरने सांगितलंय, हिवाळ्यात दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन. तोवर दगडधोंड्यांत चढउतार बंद. आणि ही बाई बंदुकीला तेल देत बसलीय. म्हणे हरणांना जायचंय. चालत, वरच्या तळ्यापर्यंत."

"ऑपरेशन झालं की जाईल."

"त्यानंतर तर नावच काढायचं नाही, असं डॉक्टर म्हणालाय. म्हणून तर ही पेटलीय. यंदा नाही तर कधीच नाही, म्हणते. मी सांगून थकले. पाविआ सांगणार होता, पण माझ्या नवऱ्याला तोंड उघडायलाच आठवडा लागतो. तू बाप आहेस. तू नाही म्हण, तुझं ऐकेल."

बापपणाचा अधिकार गाजवायला मिळतोय म्हटल्यावर मी काय, लगेच निघालो. अंधाऱ्या पायरीला ठेचकाळत आत गेलो. केतुराने कॉफी ठेवली, वाळवलेले मासे पुढे केले. बंदूक टेबलावरच होती.

"केतुरा, हे काय ऐकतोय मी? जायचं नाही."

तिने भुवया उंचावल्या. बंदूक फडक्यात गुंडाळली, कपाटात ठेवली, कपाट लावलं आणि येऊन समोर बसली.

"बाबा नाही म्हणाले म्हणजे नाही," ती म्हणाली.

मी भांडायच्या तयारीने गेलो होतो. एवढ्यात संपलं म्हटल्यावर करायचं काय? ती गप्प, मी मासा चघळतोय. शांतता मला सोसत नाही.

"पण जायचं होतं कशाला?" मी विचारलं.

"तुम्हीच म्हणाला होतात."

"मी? कधी?"

"मी बारा वर्षांची होते. वरच्या तळ्यापाशी तुम्ही मला शेजारी आडवं घातलंत, बंदूक हातात दिलीत. म्हणालात, मी म्हणेन तेव्हाच चाप ओढायचा, त्याआधी नाही. समोर मादी आली. मी नेम धरून थांबले. मग तिच्यामागून पिल्लू आलं. तुम्ही नळीवर हात ठेवलात आणि म्हणालात, पुढच्या वर्षी." तिने माझ्या कपात कॉफी ओतली. "मग तुम्ही बर्फावर गेलात."

माझा घास तोंडातच राहिला. "एनोकबरोबर का नाही मारलंस?"

"तो म्हणायचा, मार. पण शब्द तुमचा होता, त्याचा कुठे होता?"

"आणि मी आल्यावर? मी चाळिशी ओलांडली, पोरी. एकदा तरी सांगायचंस."

केतुराने नाक मुरडलं. "बापाला कोणी आठवण करून देतं का? तुम्हाला आपणहून आठवेल, म्हणून मी दर वर्षी वाट बघायची. तुम्ही शहरात शिकायला गेलात, मग नोकरी, मग परत आलात तर जनरेटर. शरदात घरी यायचात, हरणाची चरबी खायचात, बोलायचात खूप. पण त्यातलं काही नाही."

तक्रारीचा सूर नव्हता. तो असता तर मी भांडलो तरी असतो. हा शब्द मी दिलेला नव्हता हे मला कळत होतं, आणि तो मीच दिलाय असंही वाटत होतं.

"काढ बंदूक," मी म्हणालो. "वारं पडलं की निघू."

सोरिने बाहेर वाटच बघत होती. "म्हणालास ना नाही?"

"म्हणालो की. आधी नाहीच म्हणालो."

"आणि मग?"

"मग कॉफी घेतली."

तिने मला जे काय ऐकवलं ते आजोबाला ऐकवण्यासारखं नव्हतं. पण आजोबाने हो म्हटल्यावर ते मोडता येईना. तेव्हा तिने ठरवलं, आपणही तंबूपर्यंत यायचं आणि दोन्ही म्हाताऱ्यांवर लक्ष ठेवायचं. मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे, हे मी तिला सांगितलं. तिने ऐकलं नाही.

पाविआची होडी उघडी आहे, मागे इंजिन. तिच्यात आम्ही चौघं, तंबू, पोती, सोरिनेने भाजलेले केक आणि केतुराची कॉफीची किटली. केतुरा पुढच्या टोकाला सीलच्या कातड्यावर बसली आणि तरंगत्या बर्फातून होडी कुठून काढायची ते हनुवटीने दाखवू लागली. पाविआ तिच्या हनुवटीकडे बघून होडी वळवत होता. ऊन पडलं होतं, बर्फाचे डोंगर उन्हात कडाकडा वाजत होते. खाडीच्या तोंडाशी रेडिओ खरखरला. आमच्या भागात रेडिओवर एक बोलला की सगळे ऐकतात, फक्त ऐकल्याचं कबूल कोणी करत नाही.

"पाविआ, होडीत कोण कोण रे?"

पाविआ विचार करू लागला. त्याचा विचार पुरा व्हायच्या आत दुसरीच एक बाई बोलली, "केतुरा आहे. खिडकीतून बघितलं मी दुर्बिणीने. बापाबरोबर चाललीय."

"कशाला?"

"हरणाला."

मग कोणातरी म्हाताऱ्याचा खोकला आला, खोकल्यामागून हसू. "नेलं का अनानियासने शेवटी? बरं झालं बाबा. आम्हाला वाटलं, आम्ही मेल्यावर नेतो की काय."

मी होडीत सगळ्यांकडे बघितलं. सोरिने पाण्याकडे बघत होती. तिलाही ठाऊक नव्हतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. पण वस्तीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना सगळं ठाऊक होतं.

"मग मला कोणी बोललं का नाही?" मी विचारलं.

"दुसऱ्याच्या बापाला आपण कसं सांगायचं?" पाविआ म्हणाला. त्या दिवशी तो एवढंच बोलला.

खाडीच्या टोकाशी दुपारी पोचलो. तंबूची जागा ठरलेली आहे. कापडाच्या कडा दाबायला ठेवलेले दगड पिढ्यान्‌पिढ्या तिथेच आहेत, दर वर्षी आपण फक्त तंबू आणायचा. केतुराने सीलच्या मटणाचं रस्सेदार सूप रांधलं, भात घालून, आणि ताटली देताना मला एक धोंडा दाखवला. "इथे तुम्ही बसायचात."

मी बसलो. "टोचतोय हा."

"तेव्हाही तुम्ही असंच म्हणायचात. पण जागा सोडायचा नाहीत."

मीही सोडली नाही.

सकाळी आम्ही दोघंच निघालो. सोरिने म्हणाली, "मी येते."

"बाबा आहेत की बरोबर," केतुरा म्हणाली.

"म्हणूनच तर येते म्हणतेय."

केतुराने नाक मुरडलं. सोरिने मागे राहिली आणि पाविआ दुसऱ्या दरीत गेला. केतुराच्या दोन्ही हातांत काठ्या, बंदूक माझ्या पाठीवर. खुरटी झुडपं लालभडक झाली होती, पायाखाली शेवाळ मऊ होतं आणि शेवाळाखाली दगड होते. ती दर पावलाला आधी काठी, मग पाय, मग दुसरी काठी असं टाकत होती. तोंडातून ब्र नाही. मी मात्र तिला धीर यावा म्हणून बोलत होतो.

पुढे नदी आडवी आली. पाणी मांडीभर, बर्फाचं. तिने काठी पाण्यात घालून बघितली आणि थांबली. मग मी खाली वाकलो. "चढ पाठीवर."

"बाबा, मी जड आहे."

"चढ म्हणतो ना."

सत्तर वर्षांची लेक पाठीवर, गळ्यात बंदूक, बुटांत नदी. मधोमध पोचल्यावर माझी पाठ गदगदा हलायला लागली. मला वाटलं थंडीने कापतेय. तर ती हसत होती.

"हसू नकोस, पडू आपण."

"लहानपणी तुम्ही मला असंच न्यायचात."

"तेव्हा तू हलकी असशील."

"आणि तेव्हा तुम्ही बोलत नव्हतात."

पलीकडे तिने कोरडे मोजे काढून दिले. माझ्यासाठी जादा मोजे तिने मुद्दाम आणले होते. मोजे घातले, केक खाल्ला, पुढे चढलो. वर गेल्यावर मी तिला गेल्या हिवाळ्यात जनरेटर कसा अडला होता ते सांगत होतो. गोष्ट ऐन रंगात आली होती आणि समोरच्या लाल झुडपांतून पाच हरणं उठली, आमच्याकडे एकदा बघितलं आणि गेली. धूळसुद्धा उडाली नाही.

केतुरा दगडावर टेकली. रागावली नव्हती. गुडघे चोळत म्हणाली, "बाबा, एक मागू?"

"माग."

"गप्प बसा."

"किती वेळ?"

"हरीण मिळेपर्यंत."

मी तोंडाला कुलूप घातलं. सोपं नव्हतं. दोनदा काहीतरी फार चांगलं सुचलं, तेही गिळलं.

वरच्या तळ्याशी आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पलीकडच्या काठावर एक थोरला नर एकटाच चरत होता. शिंगं एवढी की पाणी पिताना ती आधी कुठे ठेवू असा त्याला प्रश्न पडत असावा. वारा त्याच्याकडून आमच्याकडे येत होता. केतुराने मला खाली दाबलं आणि आम्ही सरपटायला लागलो. गुडघ्यांवर तिला रांगता येईना. ती कोपरांवर अंग ओढत गेली, ओठ दाताखाली, चेहरा पांढरा पडलेला. मला म्हणावंसं वाटलं, पुरे. पण बोलायचं नव्हतं.

एका उंचवट्यामागे आम्ही पोचलो. तिने पिशवीवर बंदूक टेकवली, गाल लावला, श्वास सोडला. नर चरत चरत आडवा झाला. याहून चांगला नेम मिळत नाही, एवढं मलाही कळत होतं. आणि केतुराने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

मी भुवया उंचावल्या.

ती बघतच राहिली. मी आणखी उंचावल्या. कपाळ दुखायला लागलं. तिला दिसत नसेल म्हणून टोपी मागे सारली आणि पुन्हा उंचावल्या. तेवढ्यात नराने मान वर केली, काय वाटलं कुणास ठाऊक, सावकाश चालत कड्यापलीकडे गेला.

केतुराने बंदूक खाली घेतली. "बाबा," ती म्हणाली, "अहो, बोला ना."

"तूच तर गप्प बसायला सांगितलंस."

"बाकीचं बोलू नका म्हटलं मी. ते नव्हे."

"ते म्हणजे काय?"

"मी म्हणेन तेव्हाच चाप ओढायचा, असं तुम्ही म्हणाला होतात. तुम्ही म्हटलंच नाही. मग मी ओढू कशी?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बाई हरणाची वाट बघत नव्हती. हरणं काय, तिच्यासमोरून शेकड्याने गेली. ती इतकी वर्षं बापाच्या एका शब्दाची वाट बघत होती, आणि बाप शेजारी पडून भुवया उडवत होता. मला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. तिने तोंड शेवाळात खुपसलं होतं, खांदे हलत होते. मी म्हटलं, झालं, रडतेय.

ती हसत होती. "सगळी वस्ती जन्मभर सांगून थकली, अनानियास गप्प बस, गप्प बस," ती म्हणाली, "आणि बसलात ते नेमके आज."

"आता काय करायचं?"

"मला कड्यावर चढवणार नाही आता," ती गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली. "इथेच थांबू. हरीण भोचक असतं. कोण आलं होतं ते बघायला परत येतं कधी कधी."

"आणि नाही आलं तर?"

तिने खिशातून वाळका मासा काढून अर्धा मला दिला, म्हणजे माझ्या तोंडाला काम राहील. आम्ही तसेच पडून राहिलो. शेवाळातला गारवा पोटात शिरला. तळ्यावर एक पक्षी रडल्यासारखा ओरडत होता. मी मनातल्या मनात अनानियासांना म्हणालो, तुमचं नाव घेऊन फिरतोय, मोजे घेतले, कातडीचे मऊ तुकडे खाल्ले, आता एवढं करा. त्यांच्याशी बोलायची माझी ती पहिलीच वेळ.

आधी शिंगं वर आली. मग कान. कड्यावरून नर आमच्याकडे बघत होता. दोन पावलं आला, थांबला, फुसफुसला, पुन्हा दोन पावलं. सगळ्या गावाच्या भानगडीत नाक खुपसणारी माणसं असतात ना, तसा. उतार संपल्यावर तो आडवा झाला. केतुराचा गाल बंदुकीला लागला होता. या वेळी तिने माझ्याकडे बघितलं नाही, नुसती थांबली.

जन्मभर जिभेला हाड नसल्यासारखा बोललो, आणि दोन शब्द घशातून निघेनात. मासा गिळला.

"आता, पोरी."

आवाज तळ्याभोवती फिरून परत आला. नर चार पावलं गेला आणि बसावं तसा खाली बसला. मग मान टाकली.

केतुराने बंदुकीतल्या उरलेल्या गोळ्या काढल्या, बंदूक पिशवीवर ठेवली आणि माझी बाही घट्ट धरली. "बाबा, मला दिसत नाही. पडलंय का?"

"पडलंय."

"नक्की?"

"अगं, पडलंय."

ती बाही धरून रडली आणि रडता रडता हसली, आणि मी दोन्ही केलं, आवाज काढून. हरणं घाबरायची आता चिंता नव्हती.

गोळीचा आवाज ऐकून सोरिने आणि पाविआ धापा टाकत वर आले. तोवर केतुरा कोपरापर्यंत रक्ताने माखून सोलायला बसली होती. तिचा सुरा असा चालत होता की मी नुसता पाय धरायच्या कामाचा.

"आई, गुडघे कसे आहेत?" सोरिनेने विचारलं.

"कुठले गुडघे?" केतुरा म्हणाली.

सोरिने माझ्याकडे वळली. मला वाटलं, पुन्हा ऐकवते. तिने माझ्या गळ्यात हात टाकले आणि पाठीत बोट टोचलं, शाळेत पेन्सिल टोचायची तसं. पाविआने दोन्ही मांड्या पाठीवर घेतल्या, उरलेलं सोरिनेने आणि मी वाटून घेतलं. नदीशी पाविआ सासूला उचलायला पुढे झाला. मी म्हटलं, ओझं काठावर ठेवतो, पण तिला मीच नेणार. माझी पाठ पुढे आठवडाभर वाकडी होती, पण नेलं.

दुसऱ्या दिवशी होडीत बसल्यावर सोरिनेने रेडिओ उचलला. "सारफाक, ऐका. आमच्या आईने पहिलं हरीण मारलं. ज्याला हवं त्याने पिशवी घेऊन या."

पहिल्या शिकारीचं मांस शिकाऱ्याने ठेवायचं नसतं. आठ-दहा वर्षांचं पोर पहिलं काही मारतं, तेव्हा सगळी वस्ती वाटा न्यायला येते आणि त्या पोरासाठी भेटी आणते. या वेळी धक्क्यावर अख्खी वस्ती पिशव्या घेऊन उभी होती, आणि वरून टाळ्या. केतुरा होडीतून उतरलीच नाही. होडीतच उभी राहून तिने वाटे घातले, कोणाच्या घरात किती तोंडं ते मनात धरून. तिच्याकडे एक हाडसुद्धा राहिलं नाही. मला म्हणून तिने जीभ दिली. "ही तुमचीच," म्हणाली. लोक हसले आणि मीही हसलो.

संध्याकाळी तिच्या घरी कॉफी आणि केक. एक गट उठला की दुसरा बसायचा. भेटी मात्र लोकांनी पोराला देतात तशाच आणल्या होत्या, कारण दुकानात दुसरं होतंच काय? चॉकलेट, रंगीत पेन्सिली, हरणाचं चित्र असलेला छोटा सदरा. दुकानदाराची सहा वर्षांची आई चित्रांची वही घेऊन आली. केतुराच्या पुढ्यात उभी राहून तिने विचारलं, "आता तू मोठी झालीस का?"

केतुराने भुवया उंचावल्या. मग जरा विचार करून म्हणाली, "हो. आज झाले."

मी खिडकीशी बसून जीभ खात होतो आणि, अर्थातच, नदीची गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होतो. बाहेर अंधारायला लागलं होतं. कोणीतरी जाताना पायरीवर ठेचकाळलं, ते माझ्या कानांवर पडलं. आत येताना आणखी कोणीतरी अडखळलं. मी बोलता बोलता थांबलो. सोरिने म्हणाली, "काय झालं? घशात अडकलं?"

मी ताटली ठेवली आणि उठलो. घरी गेलो, पेटी घेतली, वायर घेतली, होल्डर घेतला. परत येऊन केतुराच्याच एका खुर्चीवर उभा राहिलो. येणारे-जाणारे खालून जात होते आणि विचारत होते, काय रे, आज? आजच्या दिवशी? मी दातांत स्क्रू धरला होता, त्यामुळे उत्तर देता येत नव्हतं. काम तसं फार नव्हतं, कॉफीचा एक कप थंड होईल एवढंच.

दिवा लागला. पायरी दिसली, तिच्यावरचे बूट दिसले, हातांत पिशव्या घेऊन निघालेली माणसं दिसली. दार उघडून केतुरा बाहेर आली. दिव्याकडे बघितलं, मग खुर्चीवर उभ्या असलेल्या माझ्याकडे.

"मी तर काही बोलले नाही," ती म्हणाली. "तुमचं तुम्हालाच आठवलं?"

मी भुवया उंचावल्या.

ती तशीच वर बघत उभी राहिली. "बाबा, बोला ना."

मी तोंडातला स्क्रू काढला. "आठवलं, पोरी," मी म्हणालो.